पांढरा वेढा

बुधवारी दुपारी डल्सी पेन्गिली ऐरणीवर आपटली, आणि हाडं शाबूत आहेत का ते बघायच्या आधी तिनं कुणी बघतंय का ते बघितलं. कुणी नव्हतं. दोन समुद्रपक्षी होते, आणि ते चहाड्या सांगणाऱ्यांपैकी नव्हते.

ऐरण म्हणजे खाडीच्या तोंडाशी पुढे आलेला काळा सपाट खडक. खाणीत राबलेल्या आज्या-पणज्यांनी ठेवलेलं नाव. वरून गुळगुळीत, पण पाण्याकडच्या उतरंडीवर शेवाळ आणि वस्तऱ्यासारखी धारदार कालवं. डल्सी लग्न होऊन गावात आली तेव्हापासून तिथं गळ टाकत होती. त्या दिवशी आमिष बदलायला वळली, पाय शेवाळावर पडला आणि बाई गळाच्या आपल्या बारा फुटी काठीसकट उतरंडीवरून घसरली. मोठा मासा ओढून घ्यायचा लांब दांड्याचा आकडा हातातून सुटला तो थेट समुद्रात. ती स्वतः पडली काठीवर, म्हणून कालवांनी तिची कातडी सोलायची ती काठीची सोलली.

"ऊठ, म्हातारे," ती स्वतःला म्हणाली. "इथं कुणी उचलायला येणार नाही, आणि आलं तर आणखी वाईट."

ती उठली. आधी गुडघ्यांवर, मग काठीचा आधार घेऊन, मग सरळ. कमरेत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं, पण पाऊल उचलत होतं. तेवढं पुरे होतं.

कळीची तिला भीती नव्हती. भीती होती ती लेकीची. गेल्या हिवाळ्यात डल्सी स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर पडली होती आणि मनगट मोडून घेतलं होतं. तेव्हा वेनानं इस्पितळात खाटेशेजारी बसून आईकडून शब्द घेतला होता. पुन्हा एकदा पडलीस, तर निमूटपणे अॅडलेडला यायचं, माझ्या घरामागे म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरांत राहायचं, आणि वाद घालायचा नाही. डल्सीनं शब्द दिला होता. हाताला प्लास्टर आणि अंगात गुंगीचं औषध असलं की माणूस कशालाही हो म्हणतं. पुढे ती घरं तिनं जाऊन पाहिली. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, बाथरूमला चार दांडे, आणि खिडकीतून दिसायची ती गाड्या लावायची जागा. डल्सीला ते घर बघून जेवण गेलं नव्हतं.

आणि वेना शनिवारी येणार होती.

कंबर झाकता येते. पँट घातली की झालं. पण काठी दाराशी भिंतीला टेकून उभी असायची, आणि वेना अॅडलेडमध्ये गाडी चालवायला शिकवायची. समोरच्याची चूक व्हायच्या आधीच हिचा पाय ब्रेकवर. शिवाय ती डल्सीच्या पोटची होती. काठीवरचा ओरखडा बघून तो गाडीच्या टपावर झाला की खडकावर, हे तिला डोळे मिटूनही कळलं असतं. म्हणजे शनिवारच्या आत काठी बरी व्हायला हवी होती.

तर डल्सी शेडमध्ये बसली. त्या किनाऱ्यावरच्या निम्म्या काठ्यांची बांधणी याच शेडमध्ये झालेली. नवरा असताना तो विकायचा आणि ही बांधायची. तो गेल्यावर विकणं बंद झालं, बांधणं नाही. तिनं काठी गोड्या पाण्यानं धुतली, पुसली, उन्हात वाळवली. मग कापसाचा बोळा घेतला आणि मुठीपासून टोकापर्यंत हलक्या हातानं फिरवला. डोळे फसतात, कापूस फसत नाही. बहुतेक ओरखड्यांवरून बोळा सरसर गेला. ते नुसते व्हार्निशचे ओरखडे, वरवरचे. ओला पॉलिशपेपर फिरवायचा, व्हार्निशचं बोट ओढायचं, संपलं. पण टोकाच्या अलीकडे, दीडेक हातावर, बोळा अडकला. कापसाचे तंतू तिथं तसेच चिकटून राहिले.

तिनं चष्मा लावला. कालवानं तिथं खोबणीच पाडली होती. व्हार्निश गेलं होतं, त्याखालचा काचतंतूही कापला गेला होता, आणि खोबणीच्या कडा शिजलेल्या माशाच्या डोळ्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"अरे देवा," डल्सी म्हणाली. "तुलाच जास्त लागलं की गं."

तुटलेले तंतू तिनं पात्यानं खरवडून काढले. स्पिरिटनं जागा पुसली. चिकटवायचं पातळ इपॉक्सी भरलं आणि केस वाळवायच्या मशीननं ऊब दिली, म्हणजे ते आत मुरावं. मग त्यावर वीतभर दोऱ्याची बांधणी, इतकी घट्ट आणि दाट की नख घालू म्हटलं तरी जाऊ नये. काळ्या काठीवर काळा दोरा. वरून इपॉक्सीचा हात देऊन तिनं काठी दोन खुंट्यांवर आडवी ठेवली आणि मोटर लावली. कोंबडी भाजायच्या मशीनची ती मोटर नवऱ्यानं कधीकाळी काढून दिली होती. काठी हळूहळू फिरत राहिली, म्हणजे ओलं इपॉक्सी एका बाजूला ओघळत नाही.

सगळं झालं. राहिला तो पांढरा वेढा.

त्या किनाऱ्याची ती रीत होती, आणि रीत म्हणजे तिथं डल्सीच. काठी जोडली की जोडाच्या खाली पांढऱ्या दोऱ्याचा एक बारीक वेढा घालायचा. काठी ज्याच्या हातात जाईल त्याला कळायला हवं की ही इथं दुखावलेली आहे, हिला इथं फार वाकवू नका. शेजारच्या क्लेम ट्रेझाइसनं एकदा तो वेढा खरवडून काढला होता आणि जोडलेली काठी नवी म्हणून शहरातल्या एका पाहुण्याला विकली होती. काठी मासा लागलेला असताना मोडली आणि तिची चीप पाहुण्याच्या डोळ्याखाली घुसली. बोटभर वर गेली असती तर डोळा गेला असता. डल्सी त्या संध्याकाळी पबमध्ये गेली, क्लेमचा ग्लास उचलला, त्याच्याच पायांवर ओतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काठी जोडलेली असण्यात लाज नाही, मेल्या. लपवण्यात आहे." पुढचं वर्षभर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

पांढऱ्या दोऱ्याचं रीळ हाताशीच होतं. डल्सीनं ते उचललं, बघितलं आणि खणात टाकलं.

माझी काठी, माझा हात. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. मग कुणाला सांगायचंय? असं ती मनाशी तीनदा म्हणाली, आणि जी गोष्ट स्वतःला तीनदा सांगावी लागते ती काही फार खरी नसते.

क्लेम कुंपणावरून डोकावला. "काय गं डल्सी, इपॉक्सीचा वास येतोय. कुणाची काठी?"

"तुझ्या बापाची."

"तो मरून तीस वर्षं झाली."

"म्हणूनच घाई नाहीये. जा, चहा घे घरी."

क्लेम हसत गेला, पण जाताना लंगडत चालणाऱ्या डल्सीकडे त्यानं एकदा नीट बघितलं. मग चहाकडे वळला. एकदा पायावर बिअर पडलेला माणूस दुसऱ्यांदा जपून असतो.

शनिवारी वेना आली ती काखेत एक चालायची काठी घेऊन. लाकडी, वाकड्या मुठीची, खाली रबरी बूच.

"हे काय?" डल्सीनं विचारलं.

"तुझ्यासाठी."

"मला काठी आहे. बारा फुटांची."

"आई, अगं चालायला."

"पाय आहेत." डल्सीनं ती काठी छत्र्यांच्या डब्यात खुपसली. "पेस्टी गरम आहे. खा, मग भांड."

वेनानं पेस्टी खाल्ली, पण खाताना तिचे डोळे घरभर फिरत होते. फरशी कोरडी आहे का, पायपुसणं सरकतंय का, आईच्या दंडावर निळं काय आहे. "ते काय गं?"

"शेडच्या दाराचं."

"आणि तू अशी एका कुशीवर का बसलीयेस?"

"त्या कुशीवर बसायचं मला आवडतं म्हणून. तू काय माझी परीक्षा घ्यायला आलीस? मग लायसन्स दे नाहीतर नापास कर, पण घास तरी गिळ." मग, विषय पार बुडवायचा म्हणून, डल्सीनं नको ती गोष्ट केली. "चल, ऐरणीवर जाऊ. भरती चढतेय. मुलोवे मासे आलेत म्हणतात. बघ तुझी म्हातारी कशी चालते ते."

वेना उठली. जाताना तिनं छत्र्यांच्या डब्यातून ती चालायची काठी काढून बरोबर घेतलीच. डल्सीनं ते पाहिलं आणि पुढे चालू लागली, कंबर बोंबलत होती तरी पाठ ताठ.

खडकावर वारा दक्षिणेचा होता, बोचरा. डल्सीनं गळाला आमिष लावलं, पाय रोवले आणि काठी फिरवून फेकली. तंगूस चक्रीवरून सूं करत गेला आणि लाटांच्या पांढऱ्या पट्ट्यापलीकडे पडला. फेक सुरेख होती. फेकताना कमरेतून जी कळ गेली ती मात्र तिला दात आवळून गिळावी लागली.

"फेकतेस अजून छान," वेना म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलेलं दिसत होतं. "थर्मॉस उघडतेस? दे, तोवर मी धरते."

इथं डल्सीनं नको म्हणायला हवं होतं. पण कंबर म्हणाली दे, आणि हातानं कमरेचं ऐकलं. फक्त चहा ओतण्यापुरतं. त्या पाण्यात तासतास काही लागत नाही, आता काय लागणार होतं?

झाकणात चहा अर्धा झाला आणि चक्री किंचाळली.

वेनाच्या हातातली काठी एकदम खाली खेचली गेली, आणि तिनं, वर्षानुवर्षं गळ न धरलेल्या माणसानं जे करावं तेच केलं. दोन्ही हातांनी काठी वर उचलली आणि मागे झुकली. "आई! आई, अगं केवढा आहे हा! घे, घे तू!"

"मी नाही घेणार. ज्याच्या हातात लागला त्याचा." तिथली रीतच ती. लागलेल्या माशाच्या काठीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हात लावला की तो मासा कुणाचाच नाही. डल्सीच्या तोंडून ते सवयीनं निघालं, आणि त्याच क्षणी तिची नजर काठीच्या टोकाकडे गेली.

वेनानं काठी पार उभी धरली होती. सगळं वजन टोकाशी आलं होतं. वीतभराची काळी बांधणी कमानीच्या ऐन वळणावर होती आणि तिच्या वरच्या कडेला, काळ्या काठीत, बारीक पांढरी रेघ उमटत होती. वेनाचा चेहरा टोकाकडे वर केलेला होता. तोंड उघडं, डोळे मोठे, लहानपणी असायचे तसे.

डल्सीला अॅडलेडचा गालिचा दिसला. चार दांडे दिसले, गाड्या लावायची जागा दिसली. आणि त्या शहरी पाहुण्याच्या डोळ्याखालची चीप दिसली.

"टोक खाली कर!" ती ओरडली. "काठी उभी धरू नकोस! खाली, पाण्याकडे! ती तिथं फुटलीये!"

वेनानं काठी खाली केली, विचार न करता, आई ओरडल्यावर करतात तशी. कमान सुटली आणि वजन मुठीवर आलं. "फुटलीये? कुठं?"

"टोकाच्या खाली, काळ्या बांधणीखाली. तिला ताण देऊ नकोस. चक्रीनं खेळव. तो ओढतो तेव्हा जाऊ दे, थांबला की गुंडाळ."

वेना गुंडाळू लागली. मासा पुन्हा धावला, चक्री पुन्हा ओरडली. "पांढरा वेढा कुठाय मग?"

"घातला नाही."

"का?"

"मासा बघ तू."

"आई, तू? तू घातला नाहीस?" वेनानं दोन वेढे गुंडाळले आणि तिचा आवाज बदलला. ब्रेकवर पाय गेला होता. "आकडा कुठाय आपला?"

"समुद्रात."

"समुद्रात कसा गेला?"

"माझ्याआधी घाईत होता."

"कधी पडलीस?"

"बुधवारी. टोक खाली, टोक खाली!"

"कुठं?"

"तू उभी आहेस त्याच्या चार पावलं खाली. आता मला ओरडायचं असेल तर ओरड, पण तंगूस सैल सोडलास तर तुझं नाव टाकीन."

वेना ओरडली. मासा खेळवता खेळवता, घामाघूम होत, ती आईला खोटारडी म्हणाली, हट्टी म्हणाली, आणि वारा नसता तर गावापर्यंत गेलं असतं असं आणखीही काही म्हणाली. डल्सी फक्त "आता गुंडाळ", "आता सोड" एवढंच सांगत राहिली. आणि काठी टिकली. पांढरी रेघ तिथंच थांबली. बांधणी चांगली होती, लबाड असली तरी.

शेवटी मासा उतरंडीच्या पायथ्याशी आला. रुपेरी, लांबच लांब, कल्ले उघडत-मिटत. काठीनं तो वर उचलता येणं शक्य नव्हतं. धड काठीनंही कुणी उचलत नाही, आणि ही तर जोडलेली.

"सोडून देऊ," वेना म्हणाली. "तंगूस काप. आई, ऐकतेस ना? तिथं खाली जायचं नाही. आई!"

डल्सीनं इकडेतिकडे बघितलं आणि वेनानं खडकाला टेकवून ठेवलेली ती चालायची काठी उचलली. वाकडी मूठ हातात फिरवून पाहिली. मग ती उतरंडीवर बसली, अगदी लहान पोर घसरगुंडीवर बसतं तशी, आणि बुडावर सरकत सरकत खाली गेली. बुधवारी हे सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण अक्कल नेहमी पडल्यानंतरच येते. शेवाळ ओलं होतं, कालवं टोचत होती. वर वेना दोन्ही हातांनी काठी धरून अडकलेली. सोडावी तर मासा जातो, धरावी तर आई.

"मी सांगतेय, वर ये!"

"सांगत राहा. आवाजानं लक्ष लागतं माझं."

लाट आली, तिनं गुडघ्यापर्यंत भिजवलं आणि मासा वर उचलला. डल्सीनं काठीची मूठ कल्ल्यात घातली, दोन्ही टाचा कालवांत रोवल्या आणि मागे रेलली. लाट गेली, मासा राहिला. मग एकेक पाऊल मागे सरकत, तोंडानं त्या मुलोवेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, तिनं तो ऐरणीवर ओढून आणला.

दोघी धापा टाकत बसल्या. मधे मासा.

वेनानं काठी बाजूला ठेवली. मग वेना रडू लागली, रागानं. "तू शब्द दिला होतास."

"दिला होता. परत घेतेय."

"शब्द असा परत घेता येत नाही."

"येतो. समोर बसून, तोंडावर सांगून घेता येतो. मी पडले, वेना. खरं आहे. मी पुन्हाही पडेन. पण मी उठले, तेही तितकंच खरं आहे आणि ते तू कधी मोजत नाहीस. त्या घरात मी पडणार नाही, बरोबर आहे तुझं. गालिच्यावर बसलेलं माणूस पडत नाही. ते तिथंच बसून राहतं. मला उचलून न्यायचं असेल तर या माशासारखं न्यावं लागेल, कल्ल्यात आकडा घालून. स्वतःच्या पायानं मी यायची नाही."

"आणि मी तिकडे रोज फोनकडे बघत बसायचं?"

डल्सी जवळ सरकली. तिनं लेकीच्या गालावरचं मिठाचं पाणी अंगठ्यानं पुसलं, डोळ्याखालचं, नेमकं तिथलं. 

"पडले त्याची मला काडीची लाज नाही," ती म्हणाली. "पण तुझ्या हातात मी न सांगता फुटकी काठी दिली. क्लेमनं परक्याला दिली होती, मी पोटच्या पोरीला दिली. त्याची माफी मागते. बाकी कशाची नाही."

घरी जाताना मासा वेनानं खांद्यावर घेतला आणि डल्सीनं चालायची काठी टेकत टेकत वाट धरली. कुंपणाशी क्लेम उभा होता. त्यानं मासा बघितला, मग डल्सीची भिजलेली पँट, मग तिच्या हातातली काठी.

"काय बघतोस?" डल्सी म्हणाली. "बुधवारी ऐरणीवर पडले, काठी फुटली, मी ती बांधली आणि वेढा घातला नाही. आता पबमध्ये जाऊन सांग, आणि बिअर ओतायची असेल तर हे घे पाय."

क्लेमनं तिच्या पायांकडे बघितलं. "बूट आधीच ओले आहेत," तो म्हणाला. "वाया कशाला घालू?"

शेडमध्ये डल्सीनं काळी बांधणी उलगडली, रेघेच्या वरपर्यंत नवी घातली आणि खणातलं पांढरं रीळ बाहेर काढलं. वेढा तिनं दुरून दिसेल असा घातला, नेहमीपेक्षा रुंद. वेना काठी खुंट्यांवर धरून होती. मोटर लावली तेव्हा तो पांढरा वेढा गोल गोल फिरू लागला आणि दोघी त्याच्याकडे बघत बसल्या.

मग डल्सीनं चालायची काठी पुढ्यात घेतली. खालचं रबरी बूच तसंच ठेवलं. वाकड्या मुठीला मात्र शेडमध्ये पडलेला एक जुना आकडा बसवला आणि दोऱ्यानं करकचून आवळला. धरायला जागा ठेवली आणि आकड्याच्या टोकावर बाटलीचं बूच खोचलं, चालताना हात फाटू नये म्हणून.

"म्हणजे तू ती वापरणार," वेना म्हणाली.

"आकडा म्हणून. टेकायला झालीच तर झाली."

"दर महिन्याला मी येणार. आणि रोज फोन करायचा. मी नाही, तू."

"करीन. पण तू येताना आपली काठी घेऊन ये. माझी धरायला देणार नाही आता."

वेनानं नाक पुसलं. हात पुढे केला आणि पांढरं रीळ उचललं. चालायची काठी तिनं मांडीवर आडवी घेतली आणि मुठीखाली दोऱ्याचं टोक दाबून धरलं, लहानपणी याच शेडमध्ये शिकवलं होतं तसं. "हिच्यावर किती घालू?"

"दोन. एक स्वयंपाकघराचा, एक ऐरणीचा."

वेनानं एक वेढा घातला, ओढून घट्ट केला. त्याच्या चार बोटं खाली दुसरा घालायला गेली तशी डल्सीनं तिचं बोट बाजूला सारलं.

"इतका खाली नको, वर घे," ती म्हणाली. "तिसऱ्याला जागा ठेव."